संदर्भासहित खोटं

मी आजवर जे काही लिहिलं, त्यातली सगळ्यात जास्त वाचली गेलेली ओळ खोटी आहे. साधी माहितीची ओळ आहे ती. 'भूकंपानंतर या गावात पत्र्याच्या शेडात पहिली शाळा त्यांनी सुरू केली.' इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात ती आहे, वर्तमानपत्रात छापून आली आहे आणि औसा तालुक्यातल्या एका गावात काळ्या दगडावर कोरलेली आहे. या अंकाच्या संपादकांनी कामाचे अनुभव लिहा म्हणून सांगितलं, मजेशीर किस्से असले तर बरं, असंही म्हणाले. किस्से आहेत. पण ते सगळे या ओळीपाशी येऊन थांबतात, म्हणून ती आधीच सांगून मोकळा होतो.

काम काय होतं ते सांगतो. हा ज्ञानकोश कुणा एकाचा नाही. कुणीही उठावं आणि त्यात लिहावं. पगार नाही, नेमणूक नाही. आणि कुणीही लिहू शकतं म्हटल्यावर जो तो स्वतःबद्दल लिहायला धावतो. मी सात वर्षं तिथं राखणदारी केली. कुणी काय बदललं याची यादी समोर सरकत राहते, ती बघायची. जाहिरात दिसली की काढायची, शिवी दिसली की काढायची, संदर्भ नसलेला दावा दिसला की तो मागायचा. प्रत्येक पानाच्या पाठीमागं एक चर्चेचं पान असतं. भांडणं तिथं करायची, मुख्य पानावर नाही. आणि सगळ्यात मोठा नियम असा की ज्या विषयात तुमचा हितसंबंध आहे, त्या पानाला हात लावायचा नाही. स्वतःबद्दल लिहायचं नाही, साहेबाबद्दल लिहायचं नाही, ज्याचं मीठ खाता त्याच्याबद्दल लिहायचं नाही आणि ज्याच्याशी वैर आहे त्याच्याबद्दलही नाही. हा नियम मराठीत मी आणला. शब्द न् शब्द माझा आहे. 'वैर' हा शब्द तर मी हट्टानं घालायला लावला होता.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. इस्लापूरकडच्या एका युवा नेत्यानं सहस्रकुंड धबधब्याच्या पानावर स्वतःचा फोटो चढवला. फोटोत भाऊ पुढं, धबधबा मागं कोपऱ्यात. खाली ओळ : 'भाऊंच्या प्रयत्नांतून धबधब्याचा विकास'. मी चर्चापानावर विचारलं, पाणी वरून खाली पडतं, त्यात भाऊंचे प्रयत्न कोणते? उत्तर आलं, 'रस्ता.' माहूरच्या एका लॉजवाल्यानं गडाच्या पानावर लिहिलं होतं, 'येथे देवीचे दर्शन व चोवीस तास गरम पाणी मिळते.' मी काढायचो, तो दर नवरात्रात परत टाकायचा. शेवटी त्याच्या चिवटपणाचं कौतुक वाटायला लागलं.

भोकरच्या एका कवीचं पान मी काढून टाकलं. भोकर माझंच गाव. त्यानं कुणाकडून तरी माझा नंबर मिळवला.

"मी कवी बोलतोय."

"कोणते?"

"तुम्ही काढून टाकलं ते."

"काका, तुम्ही स्वतःच लिहिलं होतं की 'मराठीतील एक महत्त्वाचे कवी'."

"मग दुसरं कोण लिहिणार होतं रे? पंचवीस वर्षं वाट बघून राहिलो."

नियम होता. नियम दाखवला आणि फोन ठेवला. त्या दिवशी फार बरं वाटलं होतं मला. आता तसं वाटत नाही.

मी मूळचा पत्रकवाला. नांदेडला कॉलेजात असताना विद्यार्थ्यांच्या चळवळीत होतो आणि लिहायला तिथंच शिकलो. पत्रक एकच पान, वाचणारा उभा, हातात भेळ, तीस सेकंदांत पेटला पाहिजे. कोचिंग क्लासवाल्यांविरुद्ध आम्ही रान उठवलं होतं. एकाच पोरीचा फोटो तीन क्लासेसच्या फलकांवर, तिन्हीकडं 'आमची विद्यार्थिनी'. त्या पोरीला गाठून विचारलं तर ती म्हणाली, मी एका ठिकाणी शिकले, एका ठिकाणी नुसती टेस्ट दिली आणि तिसऱ्यांनी सत्काराला बोलावून शाल दिली. शाल घेतानाचा फोटो त्यांनी फलकावर लावला. मी पत्रक लिहिलं, त्यात तिसऱ्या क्लासच्या मालकाचं नाव घेऊन लिहिलं. लातूरचं मोठं प्रस्थ, नांदेडला शाखा. त्यांचं नाव इथं देत नाही. सगळं लातूर त्यांना नुसतं 'सर' म्हणतं, मीही तेच म्हणतो.

चळवळीनं पोट भरत नाही. मी लातूरला आलो आणि शिवअप्पांच्या दुकानात डीटीपीला लागलो. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, तोंडात सुपारी, असे अप्पा. दुकानात टायपिंग, लग्नपत्रिका, क्लासेसची माहितीपत्रकं. क्लासेस वाढले तसं दुकान वाढलं. तिथल्या दुपारच्या रिकाम्या वेळातच मी ज्ञानकोशाची राखणदारी करायचो. अप्पा म्हणायचे, "फुकटचं काय करून राहिलास रे? जगाची धुणी."

आमच्याकडं कुणी पन्नाशीला पोहोचला की त्याचा गौरव अंक निघतो. चकचकीत कागद, मुखपृष्ठावर हार घातलेला फोटो, आत चौथीतल्या मित्रापासून आमदारापर्यंत सगळ्यांचे लेख. ते लेख बहुतेक वेळा त्या माणसांनी लिहिलेले नसतात. ते आमच्यासारखे लिहितात. सरांची पन्नाशी आली आणि अंकाचं काम अप्पांकडं आलं. अप्पांनी माझ्यापुढं एक चिठ्ठी टाकली. सरांच्या माणसानं मुद्दे लिहून दिले होते. एका मुद्द्यापुढं चार शब्द होते. भूकंप, शेड, शाळा, वह्या.

मी म्हणालो, "अप्पा, याच्यात काय ते नीट विचारा की."

"इचारायचं काय त्याच्यात? भूकंपात शाळा काढली आसंल. तू फुलव. तुला लई झ्याक फुलवता येतंय."

फुलवलं. 'त्या काळ्या दिवसांत, ढिगाऱ्याशेजारी, पत्र्याच्या शेडात सरांनी ज्ञानाची पहिली पणती लावली, गावाची पहिली शाळा सुरू केली.' ज्याच्याविरुद्ध पत्रक काढलं, त्याची आरती लिहिली. राग येत होता, पण वाक्य जमलं याचा आनंदही झाला होता. ते मी लपवणार नाही.

दोन वर्षांनी सरांचं पान ज्ञानकोशावर आलं. सरांच्या ऑफिसातल्याच कुणीतरी टाकलं होतं, वास येत होता. मी तुटून पडलो. 'शिक्षणमहर्षी' काढलं, 'हजारोंचे भाग्यविधाते' काढलं. खाली सरकलो तर माझीच पणती समोर. मी हसलो. मग नियमाप्रमाणं वागलो. पणती काढली, काळे दिवस काढले, ढिगारा काढला. उरलं ते सरळ, कोरडं, विश्वासार्ह वाक्य : 'भूकंपानंतर या गावात पत्र्याच्या शेडात पहिली शाळा त्यांनी सुरू केली.' संदर्भ : गौरव अंक, पृष्ठ अमुक. संदर्भ होता, म्हणून ठेवलं. त्या पानाला मी हात लावायलाच नको होता. तिथं मी मीठही खाल्लं होतं आणि वैरही केलं होतं. पण नियम आपल्यासाठी असतो, हे आपल्याला सुचत नाही. खोट्याच्या अंगावर झगझगीत कपडे असले की लोक हसतात. मी ते कपडे उतरवून त्याला साधा सदरा घातला. आता कोण ओळखणार?

पुढं एका वर्तमानपत्राच्या शैक्षणिक पुरवणीत सरांवर लेख आला. त्यात माझं वाक्य जसंच्या तसं. लेख लिहिणाऱ्यानं ज्ञानकोशातून उचललं, उघड होतं. आठवड्याभरात ज्ञानकोशाच्या पानावर त्या वाक्यापुढं दुसरा संदर्भ लागला : ती पुरवणी. वाक्याला आता दोन पाय झाले आणि दोन्ही माझेच.

एका दुपारी एक म्हाताऱ्या बाई दुकानात आल्या. सुती पातळ, डोक्यावर पदर, काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी. अर्ज टाइप करायचा होता. नाव कुमुदबाई, जिल्हा परिषदेच्या निवृत्त शिक्षिका. मी टाइप करत होतो, त्या सांगत होत्या. गावातल्या शाळेला सरांनी सभागृह बांधून दिलं आहे. सभागृहाला सरांचं नाव द्यायचं ठरलं आहे. त्यावर अर्जदाराची हरकत नाही. पण नावाखाली दगडावर जी ओळ कोरणार आहेत, तिला हरकत आहे.

"कोणती ओळ, बाई?"

त्यांनी ओळ सांगितली. माझीच होती.

"शाळा मी भरवली रे," बाई म्हणाल्या. "पंचायतीत सांगितलं तर तिथलं पोरगं मोबाइल दाखवतं. म्हणतं, बाई, इथं लिहिलंय, खाली पुरावा बी दिलाय, तुमच्याकडं काय हाय? म्हणून हे घेऊन फिरते."

कापड सोडलं. आत हजेरीपट होता. इयत्ता दुसरी.

भूकंप झाला तो दिवस महिनाअखेरचा होता. आदल्या दिवशी गणपती विसर्जन. बाई राहायच्या औशाला. महिन्याची हजेरी जुळवायची म्हणून त्यांनी हजेरीपट घरी नेला होता. पहाटे गाव गेलं, शाळा गेली, कपाटं गेली. हजेरीपट राहिला आणि बाई राहिल्या. पुढं पत्र्याचं शेड उभं राहिलं तेव्हा त्या हाच हजेरीपट घेऊन गेल्या आणि पोरांना ओळीनं बसवलं.

"दुसरा नव्हता ना. मग त्याच्यातूनच नावं घेतली. पहिलं नाव घेतलं, हजर. दुसरं घेतलं, कुणी बोलेना. मग मागून एक पोरगी म्हणाली, बाई, तिला न्हाई आता यायचं. मी पुढचं नाव घेतलं. सगळी घेतली. हजेरी घ्यायची तर पूर्ण घ्यायची."

गेलेल्या पोरांपुढं त्यांनी महिनाभर रोज 'गैरहजर' लिहिलं. वरून तपासायला आलेले साहेब म्हणाले, नावं कमी करा, लाल शाईनं. बाईंनी केली नाहीत. शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला. मी तो रकाना पाहिला आहे. आणि शेवटच्या पानाच्या आत पेन्सिलीनं एक ओळ होती : 'लातूरच्या कॉलेजची मुले आली, वह्या व पाट्या वाटल्या.' खाली आलेल्या मुलांची नावं. तिसरं नाव सरांचं. म्हणजे सर आले होते. एक दिवस, वह्या घेऊन. चांगलं काम केलं होतं पोरानं. तेवढंच लिहिलं असतं तर ते खरं होतं.

मी बाईंना म्हणालो, "मी बघतो." कोण आहे मी, ते नाही सांगितलं.

त्या दिवशी ती ओळ काढली. तासाभरात परत आली, शेरा : 'दोन संदर्भ असलेला मजकूर काढू नये.' परत काढली, परत आली. मग पुण्याचे एक प्रचालक मध्ये पडले. प्रचालक म्हणजे पानाला कुलूप लावण्याचा अधिकार असलेला माणूस. सज्जन, शांत, वयस्कर. मी चर्चापानावर हजेरीपटाबद्दल लिहिलं. त्यांनी उत्तर दिलं, 'हजेरीपट अप्रकाशित आहे. कृपया प्रकाशित संदर्भ द्यावा.' हे उत्तर मी स्वतः शंभर जणांना दिलं होतं. शब्दही माझेच होते.

मग सरांकडं गेलो. वाटलं, त्या माणसानंच म्हटलं की हे खरं नाही, तर विषय मिटला. सर भेटले, चहा मागवला. पत्रकवाला तो मीच, हे त्यांना माहीत होतं, आणि गौरव अंकवालाही मीच, हेही.

"सर, शाळा कुमुदबाईंनी भरवली. तुम्ही वह्या दिल्या."

"मी कधी म्हणलो शाळा काढली म्हणून? तुम्हीच लिहिलंत." ते शांतपणे म्हणाले. "पण खरं सांगू का, तुमचं वाचलं अन् मला बी आठवलं. ते शेड, ती पोरं. मी खडू घेऊन फळ्यावर लिहिलेलं आठवतंय मला."

"फळा होता का सर तिथं?"

"असंल की." ते खोटं बोलत नव्हते. तेच भयानक होतं. मी त्यांना ती आठवण दिली होती आणि आता ती परत मागत होतो. कोण देतं?

एकच गोष्ट उरली होती. चर्चापानावर मी सगळं लिहून टाकलं. गौरव अंकातला मजकूर माझा आहे, चार शब्दांच्या चिठ्ठीवरून रचलेला आहे, मी पडताळला नव्हता. पुरवणीनं तो इथूनच उचलला. दोन्ही संदर्भ म्हणजे एकच माणूस, आणि तो माणूस मी. दुसऱ्या दिवशी सरांच्या ऑफिसातून कुणीतरी माझ्या जुन्या पत्रकाचा फोटो खाली लावला. प्रचालकांचा निर्णय आला. 'आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे. परंतु आपण या व्यक्तीसाठी मोबदला घेऊन लेखन केले आहे व या व्यक्तीविरुद्ध मोहीमही चालवली आहे. आपले कथनही अप्रकाशित आहे. आपण या पानापासून दूर राहावे.' खाली नियमाचा दुवा. उघडला. तोच, मी मराठीत आणलेला. 'वैर' हा शब्द त्यात होताच.

मी चिडलो नाही. चिडायला समोर कुणी चुकलेलंच नव्हतं, मी सोडून.

बाईंकडं गेलो. त्या आता लातुरात एका खोलीत राहायच्या. सगळं सांगितलं. त्या वाटाण्याच्या शेंगा सोलत होत्या, सोलत राहिल्या.

"म्हणजे तू लिहिलंस ते."

"हो."

"पणतीबिणती पण तुझीच?"

"हो बाई."

"मराठीला मार्क चांगले असतील तुला." वर न बघता म्हणाल्या. मग विचारलं, "आमच्या गावाला आला होतास का कधी? लिहायच्या आधी?"

"नाही."

"बरं." एवढंच. सगळ्या शेंगा सोलून संपवल्या. मग आत गेल्या आणि कापडातला हजेरीपट आणून माझ्या मांडीवर ठेवला. "प्रकाशित पाहिजे म्हणतात ना ते? मग कर प्रकाशित. तुला छापता येतं."

सभागृहाच्या उद्घाटनाच्या आधी पत्रक काढायचं ठरवलं. अप्पांनी हात जोडले. "लेकरा, क्लासवाल्यांवर दुकान चालतंय माझं. हितं न्हाई. तुझं खरं आसंल, पर हितं न्हाई." अप्पांना दोष देत नाही. नांदेडला जाऊन छापून आणलं. एकच पान, तीस सेकंदांत पेटवणारं. मांडवात वाटलं. लोकांनी घेतलं, काहींनी वाचलंही. मग पोह्यांच्या थाळ्या कमी पडल्या आणि माझ्या पत्रकाचे द्रोण झाले. दगडावरचा पडदा बाजूला झाला तेव्हा ओळ तिथंच होती, शब्द न् शब्द. टाळ्या वाजल्या. बाई आल्या नव्हत्या. त्या पावसाळ्यानंतर मी दुकान सोडलं, ज्ञानकोशही सोडला.

बाई गेल्या त्या पुढच्या वर्षी. पेपरात निधनवार्ता आली, छोटी, आतल्या पानावर. 'निवृत्त शिक्षिका कुमुदबाई यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. भूकंपानंतर सरांनी पत्र्याच्या शेडात सुरू केलेल्या पहिल्या शाळेत त्यांनी काही काळ अध्यापन केले होते.' मी ते उभ्यानंच वाचलं. दहा दिवसांनी ज्ञानकोशाचं पान उघडलं. ओळीपुढं तिसरा संदर्भ लागला होता. बाईंच्या मरणाची बातमी.

तर संपादकांना किस्से हवे होते, ते हे. पण मी होकार दिला तो किस्से सांगायला नाही. दिवाळी अंक छापील असतो. त्याला पृष्ठक्रमांक असतो. म्हणजे हजेरीपटाबद्दलचा हा मजकूर आता प्रकाशित आहे. मी तो त्या पानावर लावू शकत नाही, मला बंदी आहे आणि ती योग्य आहे. तुमच्यापैकी कुणालाही लावता येईल. पण तसं लगेच करू नका, एवढी विनंती. छापलंय म्हणून खरं मानू नका. मी छापील काय काय लिहू शकतो, ते आत्ताच वाचलंत. हजेरीपट माझ्याकडं भोकरला आहे, त्याच कापडात. आधी या, तो उघडून बघा, शेवटच्या पानावरची पेन्सिलीची ओळ वाचा. नावं सगळी वाचा. बाईंनी सगळी घेतली होती.